आधी फिर्याद, मग मीमांसा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करता, अभियांत्रिकीच्या शिक्षणात अवांतर वाचन सुटले आणि आता समाज, सत्ता, न्याय व माणसाचे मन यांचा वेध घेणारी पुस्तके नीट क्रमाने वाचायची आहेत. एका मित्राने इंग्रजी ग्रंथांची लांबलचक यादी दिली. त्यांपैकी जॉन रॉल्स यांचा न्यायाच्या सिद्धान्तावरील ग्रंथ आणि मिशेल फुको यांचा शिक्षा व तुरुंग यांच्या इतिहासावरील ग्रंथ आपण विकत घेतले, आणि दोन्ही पन्नासाव्या पानाच्या आसपास मिटून ठेवले. दोष आपल्या बुद्धीचा की आणखी कशाचा, मराठीत या विषयांवर वाचण्याजोगे काय आहे आणि सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे.

दोष क्रमाचा आहे. मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात ३१ वर्षे दिवाणी वकिली केली. त्यांतली शेवटची १७ वर्षे, महिन्यातून एका रविवारी, माझ्याच कार्यालयात तरुण वकील, शिक्षक, एक-दोन परिचारिका आणि अधूनमधून एखादा कारखान्यातला कामगार असे आठ-दहा जण बसून हीच पुस्तके वाचत आलो आहोत. आम्हीही पहिली दोन वर्षे यादी धरून वाचले आणि त्या दोन वर्षांत मंडळींची संख्या चौदावरून पाचावर आली. नंतर आम्ही क्रम बदलला. वकिलाला कोणतेही प्रकरण कळते ते फिर्यादीपासून. आधी ज्याचे काही गेले त्याचे म्हणणे, मग समोरच्याची कैफियत, मग पुरावा, मग युक्तिवाद, आणि सर्वांत शेवटी निकालपत्र. रॉल्स यांच्या ग्रंथापासून वाचन सुरू करणे म्हणजे दाव्यात काय घडले हे माहीत नसताना निकालपत्राचा कायद्याच्या मुद्द्यांचा भाग वाचायला घेणे आहे. त्यातले प्रत्येक वाक्य बरोबर असते, पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे कळत नाही, आणि मग झोप येते.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की पुस्तकांची यादी बाजूला ठेवावी आणि आपल्या पायाखालची एक घटना घ्यावी. नाशिककराला त्यासाठी दूर जावे लागत नाही. पंचवटीतील काळाराम मंदिरासमोर २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. पुढे जवळजवळ चार वर्षे तो रेटून धरण्याचे काम भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड आणि नाशिक जिल्ह्यातील असंख्य अनाम स्त्रीपुरुषांनी केले. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ दोन्ही बाजूंनी मिळून ओढावा अशी तडजोड ठरली होती. ती मोडली आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. मंदिराचे दरवाजे त्या चार वर्षांत अस्पृश्यांसाठी उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आपल्याच जिल्ह्यातील येवल्यात, 'हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही' या आशयाची घोषणा बाबासाहेबांनी केली. येवल्याचा तो दिवस पंचवटीतल्या चार वर्षांवाचून समजत नाही.

ही घटना हातात धरली की आपण विचारलेले चारही विषय एकाच जागी येतात. कोण कोणाला कोठे जाऊ देत नाही, हा समाजाचा प्रश्न झाला. दरवाजा बंद ठेवण्याचे बळ पुजाऱ्याकडे होते, पंचांकडे होते, बंदोबस्ताला उभ्या असलेल्या सरकारकडे होते की तिघांच्या मिळून न बोलता झालेल्या संमतीत होते, हा सत्तेचा प्रश्न झाला. मंदिर सार्वजनिक की खासगी, वहिवाट मोठी की हक्क मोठा, हा न्यायाचा झाला. आणि ज्या माणसाने आदल्या संध्याकाळी शेजाऱ्याशी चांगले बोलून दुसऱ्या दिवशी त्याच्यावर दगड उचलला, त्याच्या मनात काय झाले असेल, हा चौथा.

या घटनेभोवती वाचायचे ते असे. प्रथम बाबासाहेबांचा पत्रव्यवहार, विशेषतः मार्च १९३४ मध्ये त्यांनी गायकवाडांना लिहिलेले पत्र. सत्याग्रह थांबवण्याचा सल्ला देताना ते सांगतात की अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा मंदिरात गेल्याने ते समान होतील, अशा समजुतीने ही चळवळ आपण सुरू केली नव्हती. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्यांच्यात चैतन्य यावे यासाठी तो मार्ग निवडला होता. एका पानाच्या या मजकुरात राजकीय डावपेचांची जी समज आहे ती मला अनेक जाड ग्रंथांत सापडलेली नाही. त्यानंतर १९३६ चे 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' घ्यावे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले हे भाषण आयोजकांना त्यातील मजकूर पेलला नाही म्हणून झालेच नाही, आणि बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. याची मराठी भाषांतरे सहज मिळतात. पत्र आणि हे भाषण यांच्यामध्ये दोनच वर्षे आहेत. ही दोन वर्षे कोठे गेली हे शोधत वाचले की पुस्तक हातातून सुटत नाही.

मग मागे जावे, जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'कडे. ते १८७३ चे आहे आणि त्याची अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या लोकांना उद्देशून आहे. धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादात लिहिलेल्या या पुस्तकातील पुराणकथांचा अर्थ इतिहास म्हणून आज जसाच्या तसा टिकणार नाही. आमच्या बैठकीत यावरून दर वेळी वाद होतो. परंतु ज्यांच्या हाती ग्रंथ होते त्यांनीच लिहिलेल्या कथा उलट्या बाजूने वाचून त्यांतून हरलेल्या पक्षाची फिर्याद काढणे, ही जी पद्धत फुल्यांनी वापरली, ती वकिलाने तरी शिकावीच. समोरच्या पक्षाच्याच कागदातून आपला मुद्दा सिद्ध करणे याला आमच्या धंद्यात फार किंमत आहे.

आणि मग पुढे यावे, बाबुराव बागुलांकडे. ज्या वर्षी पंचवटीत सत्याग्रह सुरू झाला त्याच वर्षी, १९३० मध्ये, बागुल नाशिकरोडजवळच्या विहितगावात जन्मले. १९६३ मध्ये आलेल्या त्यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहाच्या शीर्षककथेत नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण जात लपवून राहतो, सत्य उघड होते आणि त्याला मार बसतो. शेवटी तो मारणाऱ्यांची नावे घेत नाही, आपल्याला मनूने मारले असे म्हणतो. तोपर्यंत अस्पृश्यता रद्द करणारे राज्यघटनेचे सतरावे कलम होऊन तेरा वर्षे झाली होती, अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा १९५५ चा कायदाही झाला होता. कायदा आणि खोली भाड्याने मिळणे यांच्यामध्ये किती अंतर असते, हे मोजायला माझ्या माहितीत याहून चांगले माप नाही. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) ही आत्मकथने याच्याच पुढची पाने आहेत. शेवटची दोन मुद्दाम वाचावीत, कारण त्यांत फिर्याद दुहेरी आहे. बाहेरच्या समाजाविरुद्ध आहे तशीच घरातल्या पुरुषाविरुद्धही आहे.

सत्तेबद्दल मला थोडे अधिक बोलायचे आहे, कारण या विषयावर वाचणाऱ्या बहुतेकांची एक गल्लत होते. सत्ता म्हटले की आपल्याला मंत्रालय दिसते. त्या सत्तेवर मराठीत उत्तम लिहिले गेले आहे. अरुण साधूंची 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या एका सलग आठवड्यात वाचाव्यात. खुर्ची टिकवणे हे पूर्णवेळ काम कसे असते, हे त्यांत कळते. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये रंगमंचावर आले तेव्हा नाना फडणवीसांच्या चित्रणावरून गदारोळ झाला. पण नाटकाचा कणा वेगळा आहे: वरच्या माणसाला एक क्रूर हात हवा असतो, तो हात तो स्वतः घडवतो, आणि लोक खवळले की तोच हात कापून लोकांपुढे टाकतो. ऑर्वेल यांच्या दोन प्रसिद्ध कादंबऱ्या आपण शाळा-महाविद्यालयात वाचल्या असतीलच. त्यांच्यावर इथे वेळ घालवत नाही.

मात्र जी सत्ता मी ३१ वर्षे रोज पाहिली ती मंत्रालयातली नाही, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावरची आहे. हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याचा दस्त, आपण ऐकून असाल. वडील वारले की वडिलोपार्जित जमिनीत मुलींची नावे लागतात आणि मग भाऊ बहिणींना घेऊन दस्त नोंदवायला येतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायदा बदलून मुलीला मुलाच्या बरोबरीने सहदायक, म्हणजे जन्मतः वाटेकरी, केले, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्याबद्दलची उरलीसुरली शंकाही दूर केली. तरी बाकावरची गर्दी कमी झाली नाही. अशा दस्तांत 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' हे शब्द असतात. माझ्या कार्यालयातून गेलेल्या अनेक दस्तांत ते मीच लिहिले आहेत, आणि कित्येक वर्षे ते लिहिताना मला काहीच वाटत नव्हते. निफाडकडच्या एका द्राक्षबागाईतदार कुटुंबातील साठीच्या बाईंना मी एकदा, जरा उशिरानेच शहाणपण सुचून, बाजूला घेऊन विचारले की बाई, तुम्हाला हे खरेच सोडायचे आहे का. त्या म्हणाल्या, "साहेब, हिस्सा घेतला तर माहेर तुटंल. मग दिवाळीला जायचं कुठं?" त्यांच्याबरोबर आलेली त्यांची शिकलेली मुलगी मात्र म्हणाली की बहिणीने भावाकडे हिस्सा मागणे शोभतच नाही.

मायलेकींच्या या दोन उत्तरांमधला फरक मला नीट कळला तो समाजशास्त्रज्ञ स्टीव्हन ल्यूक्स यांच्या सत्तेवरच्या १९७४ च्या छोट्या पुस्तकामुळे. ल्यूक्स यांचे म्हणणे असे की सत्ता तीन पातळ्यांवर पाहावी लागते. उघड वादात कोणाचे चालते, ही पहिली. कोणता वाद उभाच राहू दिला जात नाही, ही दुसरी. आणि माणसाची इच्छाच अशी घडवली जाते की त्याच्या मनात तक्रार उगवतच नाही, ही तिसरी. आईला आपण काय गमावतो हे पुरते ठाऊक होते. तिने हिशेब केला आणि माहेर निवडले. म्हणजे तिच्यावरची सत्ता दुसऱ्या पातळीवरची होती. मुलीला हिशेबाचीच लाज वाटत होती. तिसरी पातळी ती हीच. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६९ मध्येच लिहून ठेवले होते की पुरुषांना स्त्रियांची केवळ आज्ञाधारकता पुरत नाही, त्यांची भावनाही हवी असते. पण हे मी आधी वाचले असते तर केवळ एक चमकदार वाक्य म्हणून वहीत उतरवले असते. बाकावरच्या त्या संभाषणानंतर वाचले म्हणून ते अंगाला लागले. याच्यासोबत ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' ही १८८२ ची पुस्तिका ठेवावी. सुरतेतील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येसाठी फाशीची शिक्षा सुनावली गेली, पुढे ती बदलून काळ्या पाण्याची झाली, आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीला दूषणे देण्याची स्पर्धा लागली. त्याला ताराबाईंनी दिलेले हे उत्तर आहे. भाषा इतकी धारदार आणि बोलीतली आहे की आमच्या बैठकीत ती नेहमी मोठ्याने वाचली जाते, आणि पुरुष मंडळी पहिली दहा मिनिटे हसतात, नंतर हसत नाहीत.

न्यायाकडे येऊ. इथे आपण अडला होता म्हणून जरा तपशिलात जातो. रॉल्स यांचा ग्रंथ १९७१ चा. त्याची मूळ कल्पना अशी की समाजाचे नियम ठरवायला बसलेल्या माणसांना, आपण त्या समाजात श्रीमंत असू की गरीब, कोणत्या घरात जन्मू, कोणत्या गुणांचे असू, हे माहीत नसेल तर ते कोणते नियम पसंत करतील. हा अज्ञानाचा पडदा. हक्कसोडपत्राच्या बाकावर बसून ही कल्पना पाहा. भाऊ होऊ की बहीण हे माहीत नसताना वाटणीचा नियम ठरवायचा असेल तर आपण कोणता नियम ठरवाल? इतक्या सोप्या प्रश्नावर उभा राहिलेला तो ग्रंथ आहे. बाकीचे शेकडो पानांचे काम म्हणजे या प्रश्नावर येणाऱ्या हरकतींचा निपटारा.

अमर्त्य सेन यांचा न्यायविषयक ग्रंथ २००९ चा आहे. तो रॉल्स यांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे आणि तरी त्यांच्याशीच सर्वांत जास्त भांडतो. सेन संस्कृतातील दोन शब्द घेतात: नीती आणि न्याय. नियम व संस्था बरोबर असणे ही नीती, आणि प्रत्यक्षात लोकांच्या आयुष्यात काय घडले हे पाहणे हा न्याय. मोठा मासा लहान माशाला गिळतो तो मत्स्यन्याय रोखणे हे न्यायाचे काम आहे, आणि संस्था कितीही नीटस असल्या तरी मासे गिळले जात असतील तर न्याय झाला असे म्हणता येत नाही. त्यांचे बासरीचे उदाहरण आपण कुटुंबात जरूर वापरून पाहावे. तीन मुले एका बासरीवर हक्क सांगतात. एकाला ती वाजवता येते, एकाकडे दुसरे कोणतेच खेळणे नाही, आणि एकाने ती स्वतः मेहनतीने तयार केली आहे. तिघांचेही कारण खरे असते तेव्हा काय करायचे? दिवाणी न्यायालयात येणाऱ्या वाटणीच्या दाव्यांपैकी मोठा भाग असाच असतो: एकाने जमीन कसली, एकाकडे दुसरे काही नाही, आणि एकाने विहिरीसाठी पैसे घातले. कायदा यातले एकच कारण ऐकतो. उरलेली दोन कारणे मग पुढची वीस वर्षे बांधावर भांडत राहतात.

तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक मी प्रत्येक कनिष्ठ वकिलाला वाचायला देत आलो आहे. वेळ घालवायला म्हणून मांडलेला लुटुपुटूचा खटला, आरोपीच्या पिंजऱ्यात गंमत म्हणून उभी केलेली लीला बेणारे, आणि हळूहळू गंमत करणाऱ्यांना त्या खेळात मिळू लागलेली खरी चव. यातल्या कोणालाही अधिकार नाही, तरी सगळ्यांना उलटतपास घेता येतो. न्यायालयाची भाषा अंगात भिनली की माणसाला आपण निष्ठुर झालो आहोत याचा पत्ता लागत नाही, हे मला माझ्या पहिल्या पाच वर्षांत कोणी सांगितले असते तर मी काही साक्षीदारांशी वेगळा वागलो असतो.

फुको यांचा १९७५ चा ग्रंथ आपल्याला जड गेला याचे कारण तो फ्रान्समधल्या १७५७ च्या एका भीषण देहदंडाच्या वर्णनाने सुरू होतो आणि मग वाचक तिथेच अडकतो किंवा घाबरतो. त्याकडे आपल्या मातीतून जावे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्यांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय हलता येत नसे आणि अनेकांना काटेरी तारांच्या वसाहतींत ठेवले जाई. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, म्हणून त्या जमाती विमुक्त म्हणवल्या जातात. विभावरी शिरूरकरांची 'बळी' ही १९५० ची कादंबरी अशा सेटलमेंटमधल्या लोकांवर आहे, आणि लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) कायदा गेल्यावरही शिक्का कसा राहतो हे आतून सांगते. ही दोन वाचून झाल्यावर फुको उघडा आणि पहिले दोन भाग सोडून थेट शिस्तीवरच्या तिसऱ्या भागाकडे जा. हजेरी, वेळापत्रक, रांगा, परीक्षा, सतत कोणीतरी पाहत असल्याची जाणीव, हे सगळे शब्द आपल्याला ओळखीचे वाटतील. आपण कारखान्यात काम करता, तेव्हा पाळीच्या सुरुवातीला बोटाचा ठसा देताना त्यातले एखादे पान आठवेल ते वेगळेच.

मनावरची पुस्तके मी मुद्दाम शेवटी ठेवतो, आणि याबाबत माझे मत जरा हट्टी आहे. मानसशास्त्राची पुस्तके आधी वाचली की प्रत्येक अन्याय हा कोणाच्या तरी स्वभावाचा किंवा बालपणाचा प्रश्न दिसू लागतो. दगड मारणारा रागीट ठरतो, सही करणारी बहीण आत्मविश्वास नसलेली ठरते, आणि देवळाचा बंद दरवाजा व सातबारा दोन्ही चित्रातून नाहीसे होतात. समाजाची आणि सत्तेची पुस्तके वाचून झाल्यावर मात्र मनाची पुस्तके लागतात, कारण तोवर आपण माणसाला केवळ जातीचा, वर्गाचा किंवा पदाचा प्रतिनिधी समजू लागलेलो असतो. तो दोषही तितकाच वाईट.

यांत सर्वांत आधी स्टॅन्ली मिलग्राम. १९६१ मध्ये येल विद्यापीठात त्यांनी सुरू केलेल्या प्रयोगात, समोरचा माणूस चुकला की त्याला विजेचा वाढता धक्का द्यायचा अशी सूचना सामान्य नागरिकांना दिली. धक्के खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या खटक्यापर्यंत गेले. हा आकडा सगळे सांगतात. मला त्यांच्या १९७४ च्या पुस्तकातले दुसरे आकडे जास्त मोलाचे वाटतात. ज्याला धक्का बसतो तो त्याच खोलीत असेल तर शेवटपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण ४० टक्क्यांवर येते, आणि शेजारी बसलेल्या दोन सहकाऱ्यांनी नकार दिला तर ४० पैकी चौघेच शेवटपर्यंत जातात. म्हणजे माणसे तीच, फक्त बसण्याची मांडणी बदलली. पंचवटीतल्या त्या दगड उचलणाऱ्या माणसाच्या शेजारी दोघांनी हात खाली ठेवले असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्यामुळे निव्वळ कल्पनेचा राहत नाही. या प्रयोगांच्या पद्धतीवर पुढे कडक टीका झाली आहे, तीही सोबत वाचावी. विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवून केलेल्या १९७१ च्या स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगावर तर मी आता भिस्त ठेवत नाही. पहारेकऱ्यांना कसे वागायचे याच्या सूचना मिळाल्या होत्या, हे बाहेर आल्यावर त्याचा पुरावा म्हणून उपयोग उरला नाही. डॅनियल काहनेमन यांचे २०११ चे निर्णयप्रक्रियेवरचे पुस्तक आपल्या मित्राच्या यादीत असेलच. ते वाचावे, पण सूक्ष्म सूचनांनी वर्तन बदलते असे सांगणाऱ्या प्रकरणातील काही अभ्यासांवर आपण वाजवीपेक्षा जास्त विश्वास ठेवला, हे लेखकानेच नंतर मान्य केले आहे, एवढे ध्यानात ठेवून.

माझ्या धंद्याला सर्वांत उपयोगी पडलेल्या लेखिका एलिझाबेथ लॉफ्टस. १९७४ च्या त्यांच्या प्रसिद्ध प्रयोगात एकाच अपघाताची चित्रफीत पाहिलेल्यांना गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात गाड्या 'धडकल्या' असा साधा शब्द वापरला तेव्हा लोकांनी कमी वेग सांगितला, 'आदळून चक्काचूर झाल्या' अशा अर्थाचा शब्द वापरला तेव्हा जास्त. सूचक प्रश्न सरतपासात, म्हणजे वकील आपल्याच साक्षीदाराला विचारतो तेव्हा, का विचारू देत नाहीत, हे मी साक्षीपुराव्याच्या कायद्यात पाठ केले होते, पण त्यामागे स्मृतीचा स्वभाव आहे हे मला तिथे कळले. उलटतपासात साक्षीदार अडखळला की तो खोटा, असे आम्ही वकील धरून चालतो. पुष्कळदा तो फक्त आठवत असतो.

कथा-कादंबऱ्यांत दोस्तोव्हस्कींचे 'गुन्हा आणि शिक्षा' (१८६६) आहेच. मराठीत इरावती कर्व्यांचे 'युगान्त' मी मनाच्या पुस्तकांत धरतो, मग ग्रंथपाल ते कोणत्याही कपाटात लावोत. धृतराष्ट्र, गांधारी, कुंती यांना देवत्वाच्या पायरीवरून उतरवून त्यांनी निवड करणारी माणसे केले, आणि निवडीची किंमत प्रत्येकाच्या नावावर मांडली. आणखी एक नाव ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल: 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्याच तुरुंगात पाच दिवसांत लिहिले. लहानपणी ते रडण्यासाठी वाचले जाते. आता, लिहिणारा कैदेत आहे हे लक्षात ठेवून, माणसाच्या मनात सदसद्विवेक कोण आणि कशाने रुजवते या प्रश्नासाठी वाचावे.

पुस्तके मिळण्याची अडचण नाशिकमध्ये येऊ नये. टिळकपथावरचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे आणि वर सांगितलेल्या मराठी पुस्तकांपैकी बहुतेक तिथे मिळावीत. फुले आणि आंबेडकर यांचे समग्र लेखन राज्य शासनाने खंडरूपाने प्रकाशित केले आहे. खासगी आवृत्त्यांपेक्षा ते स्वस्त पडते आणि पाठही विश्वासाचा असतो. एखादी संज्ञा अडली तर मराठी विश्वकोशातील नोंद आधी पाहावी. ल्यूक्स, सेन आणि मिलग्राम यांचे इंग्रजी अभियंत्याला मुळीच कठीण नाही. रॉल्स यांचे मात्र थोडे रुक्ष आहे.

म्हणून त्या मिटून ठेवलेल्या ग्रंथाविषयी शेवटचे. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट', 'जेव्हा मी जात चोरली होती', 'स्त्री-पुरुष तुलना' आणि ल्यूक्स एवढे झाल्यावर, साधारण चार-पाच महिन्यांनी, रॉल्स पुन्हा उघडा, पण पहिल्या पानापासून सलग वाचू नका. ग्रंथ लांब आहे हे ओळखून लेखकाने स्वतःच प्रस्तावनेत वाट सांगितली आहे: पहिल्या प्रकरणातील १ ते ४ हे विभाग, मग दुसऱ्या प्रकरणातील ११ ते १७, आणि त्यानंतर तिसरे प्रकरण. अज्ञानाचा पडदा त्या तिसऱ्या प्रकरणात, चोविसाव्या विभागात आहे. तिथे पोहोचलात की पुस्तक उलटे ठेवून एका कागदावर आपल्या घरच्या वाटणीचा नियम लिहून काढा आणि बहिणीला वाचायला द्या.